तृणमण्यातली माशी

उजव्या हाताच्या मधल्या बोटाला मी अजूनही वेगळा साबण लावते. सगळा हात धुऊन झाला की ते एक बोट पुन्हा धरते, मुळाशी घासते आणि नाकाशी नेते. वास केव्हाच गेला आहे. ते माझं मलाही कळतं, पण नाकाची खात्री पटत नाही.

त्या बोटात मी काही महिने एक अंगठी घालत होते. स्वतःच्या पगारातून, कुणालाही न विचारता घेतलेली माझी पहिली वस्तू. त्याआधीचं सोनं लग्नातलं, म्हणजे दोन्हीकडच्या थोरांनी ठरवलेलं. बाकी खरेदी मुलीसाठी, घरासाठी. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. गाडीच्या ब्रेकमध्ये बसणारे रबरी भाग आमच्याकडे बनतात. एकासारखा दुसरा असला पाहिजे, हेच माझं काम. जो जरा वेगळा दिसेल तो उचलायचा आणि लाल क्रेटमध्ये टाकायचा. इतकी वर्षं हे केल्यावर आपल्याकडे एक तरी वस्तू अशी असावी, जिच्यासारखी दुसरी कुठंच नाही, असं मला वाटायला लागलं होतं. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून सांगितलं नव्हतं.

माझी नणंद रहाटणीला राहते. ती माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. त्यांच्या सोसायटीजवळच्या हॉलमध्ये दागिन्यांचं प्रदर्शन लागलं होतं. रविवारी ती मला घेऊन गेली. मोत्यांचे सर, ऑक्साइडची कानातली, ठुशा, सगळं नेहमीचंच. शेवटच्या टेबलामागे एक बाई बसली होती. पन्नाशीची, हातमागाची साडी, कपाळावर मोठं कुंकू, केस आखूड कापलेले. तिच्यासमोर काळ्या मखमलीवर मोजक्याच अंगठ्या होत्या. मधाच्या रंगाचे खडे, आणि प्रत्येक खड्यात एक किडा. कुठं मुंगी, कुठं पाठीवर कडक कवच असलेला ढालकिडा. एका खड्यात मधमाशी होती. लहानशी, पंख अर्धवट उघडलेले, मागचे पाय ताणलेले, जणू आत्ताच उडणार होती आणि कुणीतरी ‘थांब’ म्हणालं.

“हा तृणमणी,” ती बाई म्हणाली. “इंग्रजीत अंबर म्हणतात. झाडाचा डिंक ओघळतो, त्यात जीव अडकतो, आणि लाखो वर्षं जमिनीखाली राहून त्याचा दगड होतो. हिरे काय, मशीनमध्येही बनतात आता. हे मात्र निसर्गाचंच. वन ऑफ वन.”

“म्हणजे?”

“म्हणजे असा दुसरा नग जगात नाही, मॅडम. ही माशी एकदाच अडकली. घालून तर बघा.”

अंगठी चांदीची होती. बोटात अगदी बेताची बसली. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात हात धरला तर पंखांवरच्या शिरासुद्धा दिसल्या. मी हात तसाच उन्हात धरून ठेवला. आज लिहिताना त्या क्षणाचीही किळस येते, पण तेव्हा तो आनंद होता, हे खरं आहे. ताई म्हणाली, “अगं, किडा आहे तो!” मी म्हटलं, “म्हणूनच घेतेय.”

आमचं घर तळवड्याचं, जुन्या गावातलं. पुढं आम्ही राहतो, मागं कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या. सासूबाईंना मी हात दाखवला. त्यांनी चष्मा लावला, हात उन्हाकडे वळवला आणि झटक्यात सोडून दिला.

“मेलेला जीव हाय की त्यो!”

“लाखो वर्षांपूर्वीचा आहे, आई. दगड झालाय त्याचा.”

“दगुड झाला म्हून काय झालं? ह्याच हातानं भाकरी थापनार का तू? काढून ठेव बाई चुलीपाशी येताना.”

मी काढून ठेवायचे. मसाल्याच्या डब्याशेजारी एक वाटी होती, तिच्यात. यजमानांना मात्र अंगठीचं कौतुक वाटलं. त्यांचे दोन टेम्पो आहेत, कंपन्यांचा माल नेतात. त्यांनी मित्रांना फोटो पाठवला. “भारी आहे राव,” म्हणाले. कंपनीत लाइनवर उतरताना दागिने चालत नाहीत, तेव्हा अंगठी ॲप्रनच्या खिशात जायची आणि वर लॅबमध्ये आले की परत बोटात. बसमध्ये बायका हात धरून बघायच्या. कुणी म्हणायचं छान, कुणी म्हणायचं ई. मला दोन्ही आवडायचं. महिन्याभरानं ताईनंही त्याच बाईकडून एक घेतली. तिच्यात ढालकिडा होता, हिरवा, चमकदार. आधी मला जरा राग आला. मग वाटलं, असू दे, तिचा किडा वेगळा.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा वास यायला लागला.

आधी वाटलं डब्यातल्या भाजीचा असेल. मग वाटलं लॅबमधल्या रबराचा. आमच्याकडे रबराचा वास कायमच असतो, त्यामुळे नाक तसं बधिर झालेलं असतं. पण हा वास माझ्याबरोबर बसमध्ये चढायचा. घास तोंडाशी नेला की यायचा, हात खाली गेला की जायचा. गोडसर, जड, कपाटामागे उंदीर मेल्यावर दुसऱ्या दिवशी येतो तसा. मी हात धुतले. सॅनिटायझर लावलं. लिंबू चोळलं. सासूबाईंनी एकदा भाजी निवडताना माझ्याकडे बघितलं आणि आपली टोपली उचलून पलीकडे नेली. मला कळलं की वास मला एकटीलाच येत नाहीये.

कॅन्टीनमध्ये दही-भात कालवत असताना शेवटी मला ते समजलं. हात नाकाशी नेला, मग बोट, मग अंगठी. अंगठी काढून उलटी केली. खड्याच्या पाठीला, चांदीच्या कडेशी, सुई टोचावी एवढं छिद्र होतं आणि त्यातून तपकिरी काहीतरी पाझरून वाळलं होतं. माशीचं पोट, जे आधी सोनेरी पट्ट्यांचं होतं, ते काळं आणि ओलं दिसत होतं. ते पाणी माझ्या बोटाला लागत होतं. किती दिवस लागत होतं, कोण जाणे. त्याच बोटांनी मी भात कालवला होता. ताट तसंच ठेवून मी उठले.

आता इथं माझं शिक्षण जागं व्हायला हवं होतं. जे लाखो वर्षांपूर्वी दगड झालं ते कुजेल कसं? पण माणूस स्वतःच्या आवडत्या वस्तूबद्दल फार उशिरा विचार करतं. मी स्वतःला सांगितलं की खड्याला तडा गेला असेल, आत हवा शिरली असेल. त्या बाईला फोन केला. ती अगदी गोड बोलली. “उन्हामुळे होतं कधीकधी. युनिटवर या ना भोसरीला, मी लगेच करून देते.” युनिट म्हटल्यावर मला वाटलं चांदीकाम तिथं होत असेल.

शनिवारी दुपारी यजमानांच्या गाडीवर बसून गेलो. अंगठी मी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून घेतली होती. भोसरीच्या एमआयडीसीत लेथच्या गाळ्यांची रांग होती. खाली लोखंडाचा कीस, मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा वास, आणि वर जायला लोखंडी जिना. वरच्या गाळ्याचं दार उघडंच होतं. बाई अजून आलेल्या नव्हत्या. आत मास्क लावलेली एक कामवाली टेबलाशी बसली होती. मोबाइलवर तिची मालिका चालू होती. “मॅडम येतायत, बसा,” एवढं म्हणून तिनं पुन्हा कामात मान घातली.

बसायला दोन खुर्च्या होत्या. मी बसले नाही. टेबलावर रबराचे साचे होते, अंड्याच्या ट्रेसारखे, छोट्या छोट्या खळग्यांचे. शेजारी डबे, पिवळा रंग, सुई काढलेल्या सिरिंज. मला तो वास ओळखीचा होता. रेझिन. दोन डबे मिसळायचे आणि ओतायचं, थोड्या वेळात काचेसारखं घट्ट होतं. आमच्या लॅबमध्ये नमुने धरून ठेवायला आम्ही तेच वापरतो.

त्या कामवालीनं मागच्या लहान फ्रीजमधून एक बरणी काढली. झाकणाला भोकं होती. आत तळाशी ओला कापूस आणि त्यावर मधमाश्या. मेलेल्या नव्हत्या. एकमेकींवरून हळूहळू सरपटत होत्या, जशा झोपेत. तिनं चिमट्यानं एक उचलली, पंखाला धरून, आणि साच्यातल्या खळग्यात ठेवली. खळग्याच्या तळाशी आधीच पिवळं रेझिन होतं. माशीचे पाय चिकटले. मग तिनं सिरिंजनं वरून ओतलं. सावकाश, बुडबुडा येऊ नये म्हणून.

रेझिन घट्ट होताना गरम होतं. हे मला माहीत होतं. आमच्या नमुन्यांचं तापमान मीच बघते. त्या उबेनं फ्रीजमधली सुस्ती उतरली आणि माशी हलायला लागली. मागचे पाय ताणले. पंख उघडायचा प्रयत्न केला. अर्धे उघडले. मग थांबले.

मला तिचं ताणलेलं शरीर ओळखू आलं. मी ते महिनोन्‌महिने उन्हात धरून बघितलं होतं.

“तुम्ही हे जिवंत…” मी त्या कामवालीला म्हटलं. तिनं मालिकेचा आवाज कमी केला आणि “हां?” म्हणून माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि मॅडम आल्या. हातमागाचीच साडी, मोठं कुंकू. चेहरा प्रसन्न.

“अरे वा, दादाही आलेत! चहा सांगू?”

“तुम्ही तृणमणी म्हणाला होतात,” मी म्हटलं.

“हो मग?”

“हे रेझिन आहे. आणि या माश्या जिवंत आहेत.”

मला वाटलं होतं ती चपापेल. दार लावून घेईल, निदान आवाज तरी खाली आणेल. तिनं फक्त पर्स खुर्चीवर ठेवली. “मॅडम, मी तुम्हाला काय सांगितलं? डिंक ओघळतो, त्यात जीव अडकतो. तेच आहे हे. तिथं झाड करतं, इथं आपण करतो. माशी तर खरी आहे ना? प्लास्टिकची घालणारे आहेत बाजारात. मी तसलं करत नाही.”

“पण जिवंत कशाला?”

“मेलेली घातली की पाय आखडलेले राहतात, गोळा दिसतो. जिवंत घातली की पोज येते.” ती हे इतक्या समजुतीनं सांगत होती, जसं कुणी पुरणपोळी फाटू नये म्हणून काय करायचं ते सांगतं. “आणि प्रत्येकीची पोज वेगळी येते. दोन माश्या सारख्या मरत नाहीत. म्हणून तर वन ऑफ वन म्हणते मी. आम्ही त्यांना गुळाचं पाणी देतो हं, उपाशी नाही ठेवत.”

 मी पिशवी टेबलावर ठेवली. तिनं गाठ सोडली, नाक जरा मुरडलं आणि लगेच हसली. “बुडबुडा राहिला होता हिच्यात. सॉरी हं. काही काळजी करू नका. तीच चांदी ठेवू, खडा नवीन बसवू. तुमच्यासमोर करून देते, म्हणजे शंका नको.” तिनं बरणी उचलून माझ्यासमोर धरली. खोलीच्या उबेनं आतल्या माश्या जाग्या होत होत्या. एक काचेवर चढत होती. तिचं पोट आतबाहेर होत होतं. “सांगा, कोणती हवी?”

मी एक पाऊल मागं सरले.

माझे यजमान पुढं वाकले. त्यांनी बरणीत नीट बघितलं आणि काचेवर बोट टेकवलं. “ती बघ,” ते मला म्हणाले, “ती वर चढतेय ना, ती मोठी आहे. रंग पण छान आहे.”

मी अंगठी पिशवीसकट उचलली आणि जिना उतरले. खाली लेथच्या गाळ्याबाहेर किसाच्या ढिगाशी बसून ओकले. गाळ्यातल्या एका माणसानं पाण्याची बाटली आणून दिली आणि न विचारता परत कामाला गेला. यजमान बऱ्याच वेळानं खाली आले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. चांगला माणूस आहे तो. मला ताप आला की रात्रभर पट्ट्या बदलतो. हे मला इथं लिहायलाच हवं.

“ऊन लागलं तुला,” ते म्हणाले.

“ऊन नाही लागलं. तुम्ही बघितलं ना त्यांनी काय केलं ते?”

“बघितलं. अगं, माशी आहे ती. आपण काय माश्या मारत नाही? घरात कॉइल लावतोच की.”

आम्ही घरी निघालो. तळवड्याच्या वळणावर सिग्नलला थांबलो तेव्हा अर्धी मान वळवून म्हणाले, “धंदा मात्र चांगला काढलाय बाईनं. मी विचारलं तिला. जागा कमी पडतेय म्हणाली. आपली मागची कोपऱ्यातली खोली रिकामीच आहे.”

मी म्हटलं, “ती बाई आपल्या घरात आली तर मी राहणार नाही.”

ते हसले. मग माझा चेहरा आरशात दिसला असावा, कारण हसणं थांबलं. खोलीचा विषय त्यांनी परत काढला नाही. पण त्यांना मी का चिडले ते पटलं म्हणून नाही, मी चिडले म्हणून.

सोमवारी लॅबमध्ये मी अंगठी व्हाइसच्या लोखंडी पकडीत धरली आणि दांडा पिळला. खडा कडकन फुटला. आतून जे निघालं त्याला माशी म्हणता येणार नाही. काळा लगदा होता, आणि एक पंख, तो मात्र अगदी कोरडा आणि शाबूत. वास सगळ्या लॅबमध्ये पसरला. खिडक्या उघडाव्या लागल्या. चांदीसकट सगळं मी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं.

बसमधल्या बायकांना मी सगळं सांगितलं. बरणी, फ्रीज, ताणलेले पाय, काहीही न लपवता. एकीनं पदर तोंडाला लावला. दुसरी म्हणाली, “बाप रे,” आणि थोड्या वेळानं, कंपनीचं गेट यायच्या आधी, हळूच विचारलं, “पण अगं, ती ऑर्डरनं करून देते का? भाचीला फुलपाखरू फार आवडतं.”

सासूबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या, तेव्हा त्यांना सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मधेच थांबून म्हणाल्या, “जित्ती?”

“हो. जिवंत.”

“आन्‌ आपल्या पोरानं बोट दावलं?”

हे मी त्यांना सांगायला नको होतं, पण सांगून झालं होतं. त्यांनी पुढची शेंग फोडली नाही. सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या आणि घरात गेल्या. संध्याकाळी त्यांनी स्वतः ताईला फोन लावला. मोठ्यानं बोलत होत्या, मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. “ती काढ म्हनते मी. न्हाई, मला काय ऐकायचं न्हाई. काढून टाक.” मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिल्या आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी ताई आली, अंगठी घालूनच. जेवणाआधी ती माझ्याशेजारी येऊन बसली.

“आईला काय काय सांगितलंस गं?”

“जे बघितलं ते सांगितलं, ताई.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “म्हणजे लाखो वर्षं वगैरे मला पण खरं वाटलं नव्हतं. एवढ्या स्वस्तात कोण देतं खरं? पण दिसायला सुंदर आहे. आणि माझीला वास येत नाही.”

“तो ढालकिडा जिवंत होता, ताई. तो हलत होता.”

“तू परवा चिकन केलंस. ते हलत नव्हतं का आधी?”

  मी चिकन खाते. कॉइलही लावते. फरक आहे हे मला अंगात कळतं, पोटात कळतं, पण शब्दांत मांडायला गेले की ताई बरोबर ठरते आणि मी नाजूक. एवढंच म्हणता आलं, “मी खाण्यासाठी केलं. उन्हात धरून बघायला नाही.” ती खांदे उडवून उठली.

पंगतीला तीच वाढत होती. आमच्याकडे माहेरवाशीण आली की तिलाच हौस असते. तिनं यजमानांना वाढलं, मुलीला वाढलं. माझ्यापाशी आली, पातेलं डाव्या हातात, पळी उजव्या. पातेल्याच्या कडेवर तिची बोटं होती आणि तो हिरवा किडा आमटीच्या वाफेत चमकत होता. त्याचे सहाही पाय ताणलेले होते. मी वाटीवर हात आडवा धरला.

“घे की थोडी.”

“नको, ताई.”

“बरं वाटत नाही का?” यजमानांनी विचारलं. खरंच काळजीनं विचारलं.

सासूबाईंनी आपली वाटी पालथी घातली होती. त्या कोरडी भाकरी मिठाबरोबर खात होत्या. मुलाकडेही बघत नव्हत्या आणि लेकीकडेही. मीही ताटातली भाकरी तोडली आणि खायला लागले.